काचेचा धागा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मेळाव्यात चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांनी मला आज्ञा केली आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. अशा प्रसंगी ज्ञातीचा पूर्वेतिहास, परस्परांतील एकी, विवाहातील काटकसर असे विषय बहुधा येतात, आणि ते यावेत हे योग्यच आहे. त्यांवर माझ्याहून अधिकारी वक्ते आपणांस लाभलेले आहेत. मी पडलो शाळामास्तर. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण उभी हयात मुलांना शास्त्र आणि गणित शिकविण्यात गेली. तेव्हा ज्याची मला गोडी आहे आणि ज्याचा आपल्या ज्ञातीशी दूरचा का होईना, पण खरा संबंध आहे, असा विषय मी आज घेतला आहे. तो म्हणजे काचेचा धागा.

आपण विणकर. सुताचा, रेशमाचा आणि जरीचा धागा आपल्या वाडवडिलांच्या बोटांतून पिढ्यान्‌पिढ्या गेला. पैठणीने आणि हिमरूने या मुलखाचे नाव देशोदेशी नेले, ते धाग्याच्या कसबावर. आज याच छत्रपती संभाजीनगरच्या वेशीवर, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, एक निराळाच धागा काढला जातो. स्टरलाइट टेक्नॉलॉजीज या कंपनीचा हा कारखाना असून, ज्या काचेच्या दांड्यांतून हा धागा निघतो ते दांडे तयार करण्याचा त्यांचा दुसरा कारखाना शेंद्र्यास आहे. या धाग्याने वस्त्र विणावयाचे नाही. यातून उजेड वाहतो आणि त्या उजेडावर स्वार होऊन माणसांचे बोलणे, पत्रे, चित्रे आणि पैशांचे व्यवहार पृथ्वीभर जातात. इंग्रजीत यास ऑप्टिकल फायबर म्हणतात. मराठीत ‘प्रकाशीय तंतू’ असा शब्द रूढ झाला आहे. मी सोयीसाठी त्यास काचतंतू म्हणेन.

प्रथम प्रश्न असा की, उजेडास वाकड्या वाटेने नेता येते काय? उजेड सरळ रेषेत जातो हे आपण शाळेत शिकतो. कोपऱ्याआड ठेवलेल्या दिव्याची ज्योत आपणांस दिसत नाही, ती याच कारणाने. त्याची वाट वळवावयाची तर आरसा लागतो. अजिंठ्याच्या लेण्यांत आरशाने ऊन आत फेकून अंधारातील भित्तिचित्रे दाखविण्याची जुनी रीत आपल्यापैकी वृद्ध मंडळींनी पाहिली असेल. मग एकापुढे एक आरसे मांडून उजेड कोठेही का नेऊ नये? याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. समजा, आरसा आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी शेकडा नव्वद भाग परत देतो. पहिल्या आरशानंतर नव्वद उरले, दुसऱ्यानंतर एक्क्याऐंशी. येणेप्रमाणे दहाव्या आरशानंतर शेकडा पस्तीस उरतात आणि विसाव्यानंतर जेमतेम बारा. काचतंतूच्या आत तर किरण हातभर अंतरातच शेकडो वेळा भिंतीवर आपटू शकतो. तेथे चांदीचा आरसाही काही कामाचा नाही. उजेडातील काहीच खाणार नाही असा आरसा पाहिजे.

असा आरसा निसर्गाने आपल्या घरातच ठेवलेला आहे. वाटीत पैसा ठेवा आणि तो वाटीच्या काठाआड जाऊन दिसेनासा होईपर्यंत मागे सरका. आता दुसऱ्या कोणास वाटीत हळूच पाणी ओतावयास सांगा. पैसा पुन्हा दिसू लागतो. पाण्यातून हवेत येताना उजेडाचा किरण वाकतो, म्हणून असे घडते. यास वक्रीभवन म्हणतात. पाण्यात अथवा काचेत उजेडाची चाल हवेतल्यापेक्षा मंद असते आणि एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना चाल बदलली की वाट वाकते.

आता असे समजा की, किरण पाण्यातून वर हवेत येऊ पाहत आहे. तो सरळ उभा आला तर न वाकता बाहेर पडतो. तिरपा आला तर बाहेर पडताना अधिक तिरपा होतो. त्यास आणखी तिरपा करीत गेलो, तर अशी एक वेळ येते की बाहेर पडणारा किरण पाण्याच्या पृष्ठभागास घासून जाऊ लागतो. पाण्याच्या बाबतीत हा कोन उभ्या रेषेपासून सुमारे ४९ अंशांचा, तर साध्या काचेच्या बाबतीत सुमारे ४२ अंशांचा आहे. त्यास क्रांतिक कोन म्हणतात. याहूनही तिरपा किरण आला तर त्यास बाहेर पडावयास वाटच उरत नाही. तो सर्वच्या सर्व आत परततो. शेकडा नव्वद नव्हे, शंभरच्या शंभर. यास संपूर्ण अंतर्गत परावर्तन असे लांबलचक नाव आहे, परंतु गोष्ट सोपी आहे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन तो डोळ्यांपेक्षा थोडा वर धरा आणि बाजूने, खालच्या अंगाने पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहा. तो पृष्ठभाग चांदीच्या पत्र्यासारखा चकचकीत दिसेल आणि पाण्यात बुडविलेल्या चमच्याचे प्रतिबिंब त्यात उमटलेले आढळेल. हाच तो न खाणारा आरसा.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवल्या पाहिजेत. उजेड दाट पदार्थातून विरळ पदार्थाकडे जाणारा हवा आणि तो पुरेसा तिरपा हवा. यांपैकी एकही अट मोडली की आरसा नाहीसा होतो आणि उजेड बाहेर सांडतो.

या गुणाचा खेळ करून दाखविणारे पहिले लोक एकोणिसाव्या शतकातले. जिनेव्हा येथील दानिएल कोलादों यांनी १८४१ साली पाण्याच्या वक्र धारेतून उजेड नेऊन दाखविला. पुढे १८५४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी तसाच प्रयोग व्याख्यानात केला. हा प्रयोग आपल्या मुलांना घरी करता येईल. प्लॅस्टिकच्या बाटलीस एका बाजूस, तळाच्या थोडे वर, लहानसे भोक पाडावे. बाटली पाण्याने भरावी आणि खोलीत अंधार करून भोकाच्या समोरच्या बाजूने बॅटरीचा उजेड टाकावा. भोकातून निघालेली धार वाकून खाली पडते आणि तिच्यासोबत उजेडही वाकत जातो. धारेखाली तळहात धरला तर तळहातावर उजेडाचा ठिपका पडतो.

या शहराच्या रहिवाशांना ही कल्पना परकी वाटू नये. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर बांधून जमिनीखालून या शहरास पाणी आणले. पाणचक्कीचे पाणीही हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातून मातीच्या नळांतूनच येते. वरून चालणाऱ्यास पायाखालच्या पाण्याचा पत्ता नसतो आणि ते मात्र वाकत-वळत आपल्या मुक्कामी पोहोचते. आज त्याच रस्त्यांखालून काचतंतू गेलेले आहेत. नहरीच्या नळास भेग पडली की पाणी झिरपते. काचतंतूच्या भिंतीस दोष राहिला की उजेड झिरपतो.

ही भिंत कशाची केलेली असते? नुसता काचेचा धागा घेतला तर त्याच्या भोवतीची हवा हीच त्याची भिंत होते. कारण काच दाट आणि हवा विरळ. पण अशा उघड्या धाग्यास बोट लागले, धूळ बसली, किंवा दोन धागे एकमेकांस टेकले, तर त्या त्या जागी उजेड बाहेर निसटतो. म्हणून काचतंतू दुपदरी करतात. आत गाभा असतो आणि त्याच्याभोवती किंचित विरळ काचेचे आवरण. दोहोंच्या दाटपणात एक टक्क्याहूनही कमी फरक पुरतो. उजेड या दोन काचांच्या सांध्यावरून परत फिरतो, आणि तो सांधा काचेच्या पोटात असल्यामुळे त्यास ना बोट लागते ना धूळ. दूर पल्ल्याच्या काचतंतूची जाडी १२५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा आठवा भाग असते. त्यातील गाभा अवघा नऊ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही पुष्कळ बारीक. गाभा इतका बारीक ठेवण्याचेही कारण आहे. तो जाड असला तर काही किरण मधून सरळ जातात, काही भिंतींवर आपटत लांबच्या वाटेने जातात, आणि एकाच वेळी निघालेले किरण निरनिराळ्या वेळी पोहोचून संदेश फिसकटतो. बारीक गाभ्यात उजेडास एकच वाट राहते.

या विद्येच्या इतिहासात एका भारतीयाचे नाव ठळकपणे येते, ते म्हणजे डॉ. नरिंदरसिंग कपानी. त्यांचा जन्म पंजाबातील मोगा येथे १९२६ साली झाला. शाळेत असताना शिक्षकांनी ‘उजेड केवळ सरळ रेषेतच जातो’ असे सांगितले, ते मनास पटले नाही, अशी आठवण ते स्वतः सांगत असत. पुढे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स या प्राध्यापकांच्या सोबत त्यांनी काचतंतूंची जुडी करून तिच्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखविले. तो निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात जानेवारी १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला. हॉलंडच्या व्हान हील यांचा, धाग्यास आवरण असावे असे सांगणारा लेखही त्याच अंकात आला होता. या शास्त्राचे ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव १९६० साली कपानींच्याच लेखामुळे सर्वतोमुखी झाले. २०२० च्या डिसेंबरात ते निवर्तले आणि २०२१ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. वर्गात एखादा मुलगा अथवा मुलगी ‘असे का?’ म्हणून विचारील, तर त्यास खाली बसविण्यापूर्वी आम्ही मास्तरांनी कपानींचे स्मरण करावे, एवढेच मी या ठिकाणी म्हणतो.

तथापि एवढ्याने काम झाले नव्हते. त्या काळची उत्तम काच घेतली तरी उजेड तिच्यात फार दूर जात नसे. दर दहा मीटरला उजेडाचा दहावाच हिस्सा शिल्लक राही. दहा मीटरवर दहावा, वीस मीटरवर शंभरावा, तीस मीटरवर हजारावा! एका वाड्यापासून दुसऱ्या वाड्यापर्यंत जाईतो उजेड संपून जावयाचा. खिडकीच्या काचेची कड पाहिली असता ती हिरवट दिसते. काचेत लोहाचा अंश असतो, त्याचा तो रंग. आडव्या बाजूने काच आपणांस स्वच्छ भासते, कारण उजेडास तेथे चार-पाच मिलिमीटरच जावयाचे असते. कडेने मात्र तिचा मळ उघडा पडतो.

इंग्लंडात काम करणारे चार्ल्स काओ व त्यांचे सहकारी जॉर्ज हॉकम यांनी १९६६ साली असे प्रतिपादिले की, दोष काचेच्या मूळ स्वभावात नाही, तिच्यातील मळात आहे. मळ काढून टाकावा आणि एक किलोमीटरनंतर शंभरातील एक भाग उजेड जरी उरला, तरी दूरध्वनीसाठी हा धागा उपयोगी पडेल. त्या काळी हे पुष्कळांना अशक्य वाटले. परंतु १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्झ या तिघांनी ती मर्यादा ओलांडणारा तंतू काढला. त्यात किलोमीटरनंतर शंभरातील दोन भाग उरत होते. पुढे दशकभरात काच इतकी शुद्ध झाली, की आज एक किलोमीटरनंतर शंभरातील पंचाण्णवांहून अधिक भाग उरतात, पंधरा किलोमीटरनंतर निम्मे, आणि काओंनी मागितलेला तो शंभरातील एक भाग शंभर किलोमीटरनंतर उरतो. काओ यांना या कार्यासाठी २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या उदाहरणातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. उजेड वाकविण्याची युक्ती १८४१ पासून ठाऊक होती. सव्वाशे वर्षे ती खेळातच राहिली, कारण काच निर्मळ करण्याचे चिवट काम कोणी हाती घेतले नव्हते.

आता हा धागा निघतो कसा, ते पाहू. धाग्याची काच वाळूच्याच जातीची, म्हणजे सिलिकाची असते. परंतु वाळू वितळवून ही काच करीत नाहीत. सिलिकॉनपासून प्रथम सिलिकॉन टेट्राक्लोराइड नावाचा द्रव करतात. हा द्रव सुमारे ५७ अंश सेल्सियसला उकळतो आणि लोहादी धातूंचे अंश मागे राहतात. वाफ थंड करून पुन्हा द्रव केला की तो शुद्ध होतो. आपल्याकडे गुलाबजल ज्या रीतीने ऊर्ध्वपातनाने काढतात, तीच ही रीत. अशा तऱ्हेने शंभर कोटी कणांत एखादा परका कण राहील इतपत शुद्धता साधतात. मग या वाफेचा प्राणवायूशी तीव्र उष्णतेत संयोग घडविला की अतिसूक्ष्म काचेची पांढरी काजळी तयार होते. ती थरावर थर अशी धरतात. गाभ्याच्या थरांत जर्मेनियमचा थोडा अंश मिसळतात, त्यामुळे गाभा किंचित दाट होतो. ही काजळी तापवून, तिच्यातील पाण्याचा अंश काढून टाकून, तिचा पारदर्शक दांडा बनवितात. पाण्याचा अंश काढणे अगत्याचे, कारण काचेत अडकलेले पाणी ठरावीक जातीचा उजेड पिऊन टाकते. या दांड्यास प्रीफॉर्म म्हणतात. गाभा आणि आवरण यांचे जे प्रमाण धाग्यात हवे, तेच या जाड दांड्यात आधी साधलेले असते.

हा दांडा अनेक मजले उंच मनोऱ्याच्या माथ्यावर उभा टांगतात. त्याचे खालचे टोक भट्टीत सुमारे दोन हजार अंश सेल्सियसपर्यंत तापविले की काच मऊ होऊन मधासारखा थेंब खाली उतरतो आणि मागे तार सोडतो. ती तार यंत्रावर धरून ओढीत राहावयाचे. वेग मिनिटास हजार मीटरहून अधिक असतो, आणि तरीही जाडी १२५ मायक्रॉनच्या बाहेर जाऊ नये म्हणून मोजमाप अखंड चालते. एका दांड्यातून शेकडो, आणि मोठ्या दांड्यातून हजारो किलोमीटर धागा निघतो. नुकता निघालेला काचेचा धागा ओढून पाहिला तर फार बळकट असतो, परंतु त्यास ओरखडा गेला की तो तेथेच तुटतो. म्हणून भट्टीतून उतरताच, काही स्पर्श होण्यापूर्वी, त्यावर प्लॅस्टिकचा लेप देऊन तो अतिनील किरणांनी वाळवितात. आपल्या घरांत ताण्यास खळ देत असत, ती सूत घासून तुटू नये म्हणून. हे काम त्याच जातीचे आहे. लेप दिलेला धागा ढोलावर गुंडाळला जातो, तो ताण देऊन तपासतात, आणि मग असे पुष्कळ तंतू एकत्र घालून त्यांची केबल करतात.

या धाग्यातून निरोप जातो कसा? एका टोकास लेसरचा बारीक दिवा असतो. तो अतिशय जलद उघडझाप करतो. उजेड म्हणजे एक, अंधार म्हणजे शून्य. अक्षर, आवाज, चित्र, सारे काही अशा एक आणि शून्यांच्या माळेत मांडता येते. पूर्वीच्या तारायंत्रात कट्ट आणि कड यांच्या खुणांनी मजकूर जात असे, त्याचाच हा अवतार, मात्र सेकंदास अब्जावधी खुणा देणारा. शिवाय एकाच तंतूतून निरनिराळ्या ‘रंगां’चे ऐंशीहून अधिक प्रवाह एकमेकांत न मिसळता जाऊ शकतात. हे रंग आपल्या डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त उजेडातले असतात. म्हणूनच, मुलांनो, चालू असलेल्या काचतंतूच्या टोकाशी कधीही डोळा नेऊ नये. तेथे काही दिसत नाही, पण डोळ्यास इजा होऊ शकते. काचेत उजेड सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. येथून मुंबईस जावयास त्यास सेकंदाचा पाचशेवा भागही लागत नाही. वाटेत तो मंदावला तर ऐंशी-शंभर किलोमीटरवर त्यास पुन्हा बळ देण्याची योजना असते. तांब्याच्या तारेवर वीज कडाडली की खरखर होई, ती येथे होत नाही. आणि काच मोडीत विकली जात नसल्याने तांब्यासाठी तारा चोरणाऱ्यांनाही हिचा लोभ नाही.

भारतात दूरध्वनी केंद्रांस जोडण्यासाठी काचतंतूचा पहिला वापर १९७९ साली झाला, आणि तो आपल्या महाराष्ट्रात, पुण्यास. १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट सर्वसामान्य भारतीयांस खुले झाले, आणि १९९७ साली इंग्लंडपासून जपानपर्यंत जाणारी ‘फ्लॅग’ ही समुद्राखालची काचतंतूंची केबल मुंबईच्या किनाऱ्यास लागली. परदेशी असलेल्या आपल्या लेकी-सुना रोज रात्री पडद्यावर दिसतात. त्यांची छबी आकाशातील उपग्रहावरून येते अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः ती बहुतांशी समुद्रतळावरील अशाच केबलींतून येते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील दोन केबली तुटल्या, तेव्हा भारतातील इंटरनेट दिवसेंदिवस रखडले होते. हातातील मोबाइलचीही तीच कथा. त्याचा निरोप हवेतून जातो, तो मनोऱ्यापर्यंतच. पुढील प्रवास बहुधा जमिनीखालील काचतंतूतून होतो. खेड्यापाड्यांतील ग्रामपंचायतींपर्यंत हा तंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली, ती आज भारतनेट या नावाने ओळखली जाते.

निरोप वाहणे हा एकच उपयोग नव्हे. ‘डॉक्टरांनी दुर्बीण घालून पोट तपासले’ असे आपण सहज म्हणतो. लवचिक काचतंतूंच्या जुडीची अशी पहिली दुर्बीण बेसिल हर्शोविट्झ या डॉक्टरांनी अमेरिकेत १९५७ साली वापरात आणली. त्यापूर्वीच्या ताठ नळ्या रोग्यास फार त्रासदायक होत. अलीकडच्या दुर्बिणींत टोकालाच चिमुकला कॅमेरा असतो, तरी पोटातील अंधारात उजेड नेण्याचे काम पुष्कळदा काचतंतूच करतात. मूतखडा फोडणारा लेसरचा किरण याच तंतूतून आत जातो. पूल, धरणे आणि बोगदे यांच्या बांधकामात तंतू बसवून, त्यातील उजेडाच्या फरकावरून ताण व उष्णता ओळखण्याची विद्याही पुढे आली आहे.

आता या सर्वाचा आपल्या मंडळाशी काय संबंध, असे कोणी विचारील. तो सांगून मी आपली रजा घेतो.

गिरण्यांचे सूत आले, मागून यंत्रमाग आले, आणि आपल्या कित्येक घरांतील हातमाग माळ्यावर गेले. आपल्या हातांत कसब नव्हते म्हणून तसे झाले नाही. नवे यंत्र कसे चालते हे ज्यांनी वेळेवर जाणून घेतले, ते तरले. बाकीचे दुसऱ्याच्या शेडात मजुरीस गेले. आज पुन्हा एक धागा आपल्या गावातच निघत आहे, आणि वाळूजच्या रस्त्याने रोज जाणारे आपले तरुण त्या कारखान्याच्या भिंतीपलीकडे काय चालते हे जाणत नाहीत, ही गोष्ट मला बोचते. त्या कारखान्यात सर्वांस चाकरी मिळेल असे स्वप्न मी दाखवीत नाही. तेथील बहुतेक काम यंत्रेच करतात. परंतु काचतंतू टाकणे, सांधणे, तपासणे आणि दुरुस्त करणे, ही कामे गावोगाव आहेत आणि वाढणारी आहेत. रस्ता खोदताना यंत्राच्या दातात केबल सापडली की दवाखाना, बँक, शाळा, सारे एकदम मुके होतात. तेव्हा धागा सांधणाऱ्यास बोलवावे लागते. तो लेप सोलतो, तंतू स्वच्छ पुसतो, टोक काटकोनात कापतो, दोन्ही टोके यंत्रात समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीने एकजीव करतो. सांधा उत्तम साधला तर त्या ठिकाणी शंभरातील एखादाच भाग उजेड वाया जातो. टोक तिरपे कापले गेले अथवा धुळीचा कण राहिला, तर सारे पुन्हा करावे लागते. मागावर तुटलेली तार ज्यांच्या आज्या क्षणात सांधीत असत, त्यांच्या नातवंडांना हे काम शिकणे जड जाईल असे मला वाटत नाही.

म्हणून मंडळापुढे माझ्या तीन नम्र सूचना आहेत. आपल्या शिक्षण निधीतून दरवर्षी काही शिष्यवृत्त्या आय.टी.आय. आणि तंत्रनिकेतनातील दूरसंचार व इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवाव्यात आणि त्यांत मुलींना बरोबरीचा वाटा असावा. हे काम अंगबळाचे नसून नजरेचे आणि हाताच्या स्थिरतेचे आहे. दुसरे असे की, आठवी ते दहावीच्या आपल्या मुलामुलींसाठी सुट्टीत आठ दिवसांचा प्रयोगवर्ग घ्यावा. वाटी, पैसा, पेला, बाटली आणि बॅटरी एवढ्या सामानावर तो भागेल. शिकविण्यास मी विनावेतन येईन. तिसरी सूचना अशी की, ज्ञातीतील जी तरुण मंडळी या धंद्यात आधीच आहेत, त्यांची नावे मंडळाने मिळवावीत आणि नव्याने येऊ पाहणाऱ्यांस त्यांच्या हाताखाली शिकण्याची सोय करून द्यावी.

आपल्या वाडवडिलांनी धाग्यावर पोट भरले आणि धाग्यावरच नाव मिळविले. त्यांच्या लेकरांस नव्या धाग्याची किमान ओळख असावी, इतकीच माझी इच्छा. या वर्षीच्या सुट्टीतील पहिला प्रयोगवर्ग कोणत्या तारखेस ठेवावयाचा, हे कार्यकारी मंडळाने आजच्याच बैठकीत ठरविले तर मी स्वतःस धन्य समजेन.